आजाराच्या खाड्याचा पगार

(कर्वेनगर येथील साक्षरता वर्गात झालेले भाषण)



आज आपण खाड्याविषयी बोलणार आहोत. खाडा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. महिनाअखेर हिशेबाला बसले की तोच आधी पुढे येतो. "या महिन्यात तुझे चार खाडे झाले," असे सांगतात आणि तेवढे पैसे कापून घेतात.

पण खाड्या-खाड्यांत फरक आहे. गावाला जत्रेसाठी गेलो, तो एक खाडा. तापाने अंथरुणावर पडलो, तो दुसरा. पहिला आपण ठरवून केला. दुसरा कोण ठरवून करील? मग दोघांना एकच माप का? आजाराच्या दोन-चार दिवसांचा पगार मालकाने द्यावा की नाही? आमचे म्हणणे, द्यावा. पण नुसते म्हणून भागत नाही. त्याची कारणे सांगितली पाहिजेत, आणि समोरच्याचेही ऐकून घेतले पाहिजे.

आधी हिशेब करू. वही उघडा. समजा, एक बाई चार घरी धुणीभांडी करते. प्रत्येक घरी महिन्याला ३,००० रुपये. म्हणजे एका घराचे दिवसाला १०० रुपये. बाईला तीन दिवस ताप आला. प्रत्येक घराने ३०० रुपये कापले. एका घराच्या हिशेबात ३०० रुपये कुठे आले नि कुठे गेले, कळत नाही. पण बाईचे चार घरांचे मिळून १,२०० रुपये गेले. त्यात डॉक्टरची फी आणि औषध वेगळेच. पैसा येणे थांबते, नेमक्या त्याच दिवसांत पैसा जाणे वाढते.

मग ती काय करते? तीनच वाटा असतात. एक, उचल घ्यायची किंवा व्याजाने पैसे काढायचे. ताप तीन दिवसांत उतरतो, कर्ज तीन महिने उतरत नाही. दुसरी वाट, अंगात ताप असताना कामावर जायचे. मग तीन दिवसांचे दुखणे पंधरा दिवसांवर जाते. तिसरी वाट, आपल्या जागी मुलीला पाठवायचे. म्हणजे कामाचा खाडा वाचतो आणि मुलीचा शाळेत खाडा पडतो. तो खाडा पुढे कोण भरून देणार? आपण इथे कर्वेनगरात बसलो आहोत. हे पूर्वीचे हिंगणे. धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला आश्रम इथे आणला, तो बायकांनी शिकून स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून. त्याच गावात आईच्या तापापायी लेकीची शाळा बुडू नये, एवढे तर खरे ना?

मालकाच्या बाजूनेही पाहा. पोळ्या करणारी बाई खोकत खोकत कणीक मळते. त्या घरात लहान मूल असते, म्हातारी माणसे असतात. कापलेल्या तीनशे रुपयांपेक्षा त्या घराचे डॉक्टरचे बिल मोठे होईल. आजारी माणसाने घरी राहावे, यात दोघांचेही हित आहे. पण घरी राहिल्याबद्दल दंड होणार असेल, तर कोण राहील?

"काम नाही तर दाम नाही," असे काही लोक म्हणतात. ही गोष्ट जुनी आहे, आणि तिला उत्तरही जुनेच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. हजारो कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे दिले. आठवड्याला एक दिवस सुटी द्या, ही त्यात मागणी होती. गिरणीत काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, हीसुद्धा होती. आठवड्याची सुटी १८९० साली मिळाली. आज रविवारची सुटी कोणाला फुकटची वाटते का?

पुढे स्वातंत्र्य मिळाले. १९४८ साली कामगारांच्या विम्याचा कायदा झाला. त्यालाच आपण ईएसआय म्हणतो. १० किंवा जास्त माणसे असलेला कारखाना आणि २१,००० रुपयांपर्यंत पगार, असे त्याचे सध्याचे माप आहे. शंभर रुपये पगारामागे कामगाराचे ७५ पैसे कापतात आणि मालक ३ रुपये २५ पैसे भरतो. कामगार आजारी पडला आणि ईएसआयच्या डॉक्टरने दाखला दिला, तर पगाराच्या शंभरातले ७० रुपये मिळतात. असे वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतात. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे सहसा मिळत नाहीत. म्हणजे मोठ्या दुखण्याला विम्याचा आधार आहे, पण दोन दिवसांच्या तापाला मालकाच्या पगारी रजेवाचून आधार नाही. मोठ्या दुकानांसाठी आणि कचेऱ्यांसाठी महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला. त्यात वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा सांगितली आहे.

आणि घरकामाला? घर म्हणजे कारखाना नव्हे, दुकान नव्हे. म्हणून हे कायदे दाराबाहेर थांबतात. घरकाम करणाऱ्यांसाठी राज्यात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, ते चांगलेच झाले. पण आजारपणाचा पगार मालकाने दिलाच पाहिजे, असे त्यात नाही.

तरी पुण्याच्या बायका गप्प बसल्या नव्हत्या. १९८० साली या शहरात मोलकरणींनी संप केला. एक बाई आजारी पडली, तिचे खाडे झाले, म्हणून तिला कामावरून काढले. तेवढ्यावरून ठिणगी पडली. एकीचे पाहून दुसरी थांबली, दुसरीचे पाहून तिसरी. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पाहा, संपाचे मूळ आजाराच्या खाड्यातच होते.

आता समोरच्याचे ऐकू. आमच्यापैकी काहींच्या घरी कामाला बाई येते, त्यामुळे ही बाजूही आम्हाला ठाऊक आहे. "पगारी रजा दिली तर खोटे आजार निघतील," असे म्हणतात. निघतील काही. पण वर्षाचे दिवस ठरलेले असले, की खोट्यालाही हद्द राहते. आणि चार जणींच्या खोटेपणासाठी चाळीस जणींच्या खऱ्या तापाला दंड करणे, हा न्याय नव्हे. "बदलीच्या बाईला वेगळे पैसे द्यावे लागतात," असेही म्हणतात. हे खरे आहे. पेन्शनीवर राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला ते जड जाते. चहाच्या टपरीवाल्याकडे एकच गडी असतो, त्यालाही जड जाते. म्हणून आम्ही म्हणतो, दिवस थोडे ठरवा, पण ठरवा. आठ झेपत नसतील तर चार ठरवा. शून्य मात्र ठरवू नका. आणि महिना-दोन महिन्यांच्या दुखण्याचा भार एकट्या घरावर टाकू नये. ते काम विम्याचे आणि सरकारचे आहे.

आपल्याकडेही काही लागते. न सांगता घरी बसू नये. सकाळीच फोन करावा, नाहीतर शेजारणीकडून निरोप धाडावा. शक्य असेल तर बदली सुचवावी. "रजा माझी, अडचण त्यांची" असे म्हणू नये. विश्वास दोन्हीकडून लागतो.

शेवटची गोष्ट. तोंडी बोललेले दिवाळीपर्यंत विसरते. कागद विसरत नाही. आपण अक्षरे शिकतो ती याचसाठी. नवे काम धरताना, किंवा पगारवाढीचे बोलणे होईल तेव्हा, हे चार ओळींचे लिखाण पुढे ठेवा:

"आजारपणासाठी वर्षाला ८ दिवस पगारी रजा.
आजारी असल्यास सकाळी निरोप द्यावा.
जास्त दिवस लागल्यास दोघांनी बसून ठरवावे.
तारीख आणि दोघांच्या सह्या."

आज हे वहीत उतरवून घ्या. घरी मोठ्याने वाचा. ज्या शेजारणीला वाचता येत नाही, तिलाही वाचून दाखवा. आणि खाली सही करताना अंगठा पुढे करू नका. आता तुम्हाला नाव लिहिता येते.