मावळतीचा फोटो

कापूस वेचून परतायच्या वेळी आभाळ केशरी होतं आणि कुणीतरी मोबाइल काढतंच. डोक्यावर भारा घेतलेली बाई, मागे मावळता सूर्य. फोटोत बाई सगळी काळी. चेहरा नाही, लुगड्याचा रंग नाही, नुसता आकार. मोबाइलला लख्ख आभाळ आणि अंधारातला माणूस, दोन्ही एकदम नीट टिपणं जड जातं. आभाळ धरलं की माणूस काळा पडतो.

हे मुद्दाम करायचं तर फ्लॅश बंद ठेवा. स्क्रीनवर उजळ आभाळावर बोट टेकवा. बऱ्याच फोनांत तिथे सूर्याचं चिन्ह दिसतं, ते खाली ओढलं की आकृती गडद होते. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत राहू नका. तो बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटं रंग टिकतो, तेव्हाच काढा.

आपल्या संभाजीनगरचा बीबी का मकबरा घ्या. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर. संगमरवर, जाळ्या, नक्षी, काळ्या आकृतीत सगळं जातं, तरी घुमट आणि चार मिनार पाहून लहान लेकरूही ओळखतं. पण दरवाजा दक्षिणेला आहे. तिथून आत बघाल तर मावळता सूर्य डाव्या हाताला राहतो. बागेत पूर्वेच्या बाजूला जा आणि पश्चिमेकडे बघा. थंडीत सूर्य नैर्ऋत्येकडे सरकून मावळतो, मग तुम्ही थोडं ईशान्येकडे सरका.

माणसाचंही तसंच, आकार बोलला पाहिजे. समोरून काढलं तर नाक-डोळे नसलेला ठोकळा दिसतो. बाजूने काढा. विळा अंगापासून लांब धरायला सांगा. दोघी चिकटून उभ्या राहिल्या तर एकच गोळा होतो, मध्ये आभाळ दिसू द्या. तुम्ही खाली बसून काढलंत तर बाई जमिनीत न मिसळता आभाळावर उमटते.

आता माझं एक मत. कॅलेंडरवर शेतातली बाई कायम अशीच, बिनचेहऱ्याची. गटाच्या बॅनरवर मला हा फोटो पटत नाही. जिनं राबून गट उभा केला, तिची हरकत नसेल तर चेहरा आणि नाव दिसू द्या. त्यासाठी फार काही लागत नाही. सूर्य तुमच्या पाठीशी येईल असं फिरून उभं राहा. तोच केशरी उजेड तिच्या तोंडावर पडतो.

काही वेळा मात्र चेहरा लपवायचाच असतो. घरातल्या मारहाणीबद्दल कुणी बैठकीत बोलली, आणि ते छापायचं आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि काळी आकृती म्हणजे ओळख लपली असं नाही. गावातली माणसं चालण्यावरून, पदर घेण्याच्या पद्धतीवरून, मागच्या दारावरून ओळखतात. शिवाय फोनमध्ये उजेड वाढवला की अंधारातला चेहरा वर येतो. म्हणून पाठवण्याआधी तुम्हीच उजेड पूर्ण वाढवून बघा. फोटो त्या बाईला दाखवा. ती नको म्हणाली, किंवा नाक-डोळे जरा जरी दिसले, तर तो फोटो फोनमधून काढून टाका.