जकातपत्रकातले ‘ए’ हे अक्षर

अमेरिकेत परदेशी माल सोडवून घेणाऱ्या आयातदाराला सीमाशुल्काच्या अर्जात त्या मालाचा जकात-क्रमांक भरावा लागतो. त्या क्रमांकाआधी त्याने ‘ए’ हे एकच अक्षर लिहिले, तर त्याचा अर्थ असा होतो की माल सवलतपात्र विकसनशील देशातला आहे आणि त्यावरची जकात माफ व्हावी. सोन्याच्या बांगडीवर नेहमीचा दर साडेपाच टक्के असतो. म्हणजे ही सवलत चालू असताना हजार डॉलरच्या बांगडीमागे या एका अक्षराने पंचावन्न डॉलर वाचत. छापील जकातपत्रकात या ‘ए’ला कधी तारा जोडलेला असतो, तो असला, की काही ठरावीक देशांना त्या मालापुरती सवलत नाही असे समजायचे. कधी अधिकचे चिन्ह असते. तिथे सवलत फक्त सर्वांत गरीब, म्हणजे अल्पविकसित देशांना मिळते. हे अक्षर कोणत्या देशाला लागू राहील, कोणाचे काढून घ्यायचे आणि कोणत्या कारणासाठी, हे ठरवण्याच्या कामाला व्यापार सवलतींच्या पात्रतेची फेरतपासणी म्हणतात.

या सवलतीची मूळ कल्पना विकसनशील देशांनीच मांडली. 1964 मध्ये जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद भरली. अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश हे तिचे पहिले महासचिव. कच्चा माल विकून गरीब देश वर येणार नाहीत, त्यांना कारखान्यातला पक्का माल विकता आला पाहिजे आणि त्यासाठी श्रीमंत देशांनी आपल्या जकातीची भिंत त्यांच्यापुरती खाली आणली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. 1968 मध्ये नवी दिल्लीत झालेल्या दुसऱ्या परिषदेने या कल्पनेला मान्यता दिली. तिचेच नाव जीएसपी. निर्यातदारांच्या तोंडी आजही हेच नाव आहे.

अडचण होती ती जागतिक व्यापाराच्या मूळ नियमाची. गॅट कराराप्रमाणे एका देशाला दिलेली सवलत सगळ्यांना द्यावी लागते. तेव्हा 1971 मध्ये या नियमाला दहा वर्षांची सूट देण्यात आली आणि 1979 मध्ये ती कायमची झाली. अट अशी की सवलत सर्वसाधारण असावी, तिच्या बदल्यात काही मागू नये आणि देशादेशांत भेदभाव करू नये. युरोपीय समुदाय आणि जपान यांनी 1971 मध्येच योजना सुरू केल्या. अमेरिकेची योजना 1974 च्या व्यापार कायद्यातून आली आणि 1 जानेवारी 1976 पासून अमलात आली.

बदल्यात काही मागू नये हे तत्त्व कागदावर राहिले, तरी देणाऱ्या देशांनी सवलत परत घेण्याचा हक्क कधी सोडला नाही. फेरतपासणीचा सगळा इतिहास या दोन गोष्टींच्या ओढाताणीचा आहे.

तपासणीचे सोपे प्रकार आधी. पहिला मालाचा. अमेरिकेच्या योजनेत एखाद्या देशाकडून एखाद्या वस्तूची आयात ठरावीक रकमेपलीकडे गेली, किंवा त्या वस्तूच्या अमेरिकेतल्या एकूण आयातीत त्या देशाचा वाटा निम्म्याला पोहोचला, तर त्या वस्तूपुरती सवलत संपते. रकमेची ही मर्यादा दरवर्षी 50 लाख डॉलरने वाढत जाते. 2019 साली ती 19 कोटी डॉलर होती. मर्यादेतून खास सूटही मिळते, पण तीही परत घेता येते. भारताच्या सोन्याच्या दागिन्यांना अशी सूट होती. 2007 मध्ये ती काढली गेली आणि मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातून अमेरिकेला जाणाऱ्या दागिन्यांवर पुन्हा जकात लागू झाली. दुसरा प्रकार देशाच्या सुबत्तेचा. जागतिक बँकेच्या हिशेबाने देश उच्च उत्पन्नाच्या गटात गेला, की अमेरिकेची सवलत बंद होते. दक्षिण कोरिया, सिंगापूर, हाँगकाँग आणि तैवान 1989 मध्ये यादीबाहेर गेले, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नव्हते.

खरा वाद होतो तो तिसऱ्या प्रकारावर, म्हणजे देशाच्या वर्तनाच्या तपासणीवर. अमेरिकी कायद्यात यासाठी अटींची मोठी यादी आहे. दहशतवाद्यांना आश्रय देऊ नये, अमेरिकी नागरिकांची मालमत्ता भरपाई न देता ताब्यात घेऊ नये, बौद्धिक संपदेचे रक्षण करावे, अमेरिकी मालाला आपल्या बाजारात वाजवी प्रवेश द्यावा. 1984 मध्ये कामगारांच्या हक्कांची अट आली. नंतर बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांची. कामगाराचा संघटना बांधण्याचा हक्क आणि अमेरिकी कंपनीचा बाजारपेठेवरचा दावा एकाच यादीत, एकाच तराजूत घातले गेले आहेत. या व्यवस्थेतला मोठा दोष इथेच आहे.

प्रक्रिया सुरू होते ती अर्जाने. कामगार संघटना, उद्योगांचे संघ, कंपन्या, कोणीही अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधीच्या कार्यालयाकडे तक्रार करू शकतो. निरनिराळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांची उपसमिती अर्ज दाखल करून घ्यायचा की नाही ते ठरवते. मग वॉशिंग्टनमध्ये जाहीर सुनावणी होते, लेखी म्हणणे मागवले जाते, त्या देशाचा दूतावास उत्तर देतो. अर्ज वर्षानुवर्षे उघडा ठेवण्याची मुभा आहे आणि दबाव टिकवायला ती फार उपयोगी पडते. शेवटचा निर्णय राष्ट्राध्यक्षांचा. देशाला यादीतून काढायचे असेल, तर संसदेला आणि त्या देशाला साठ दिवसांची आगाऊ सूचना द्यावी लागते.

2017 च्या ऑक्टोबरमध्ये व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयाने कोणाच्या तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी सर्व लाभार्थी देश तपासण्याचे जाहीर केले. एप्रिल 2018 मध्ये भारत, इंडोनेशिया आणि कझाकस्तान यांची नावे पुढे आली. भारताविरुद्ध अर्ज होते ते अमेरिकी दुग्धव्यवसायाच्या आणि वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्यांच्या संघटनांचे.

दुधाचा प्रश्न एका दाखल्यावर अडला होता. ज्या जनावरांच्या दुधापासून पदार्थ बनला, त्यांना गुराढोरांचे अवयव, रक्त किंवा मांस मिसळलेले खाद्य कधीही दिलेले नाही, असा दाखला भारत मागतो. अमेरिकी उत्पादकांच्या मते याला शास्त्रीय आधार नाही. भारताच्या मते देवापुढे दुधाचा नैवेद्य ठेवणाऱ्या समाजाच्या श्रद्धेचा तो भाग आहे आणि त्यावर घासाघीस होऊ शकत नाही. दुसरी तक्रार हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटची. फेब्रुवारी 2017 मध्ये भारताच्या औषध किंमत प्राधिकरणाने साध्या धातूच्या स्टेंटला 7,260 रुपये आणि औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला 29,600 रुपये, कर वेगळे, अशी कमाल किंमत ठरवून दिली. त्याआधी लेपाच्या स्टेंटला लाखाच्या वर मोजावे लागत. पुढे ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवरही मर्यादा आली. झटका आलेल्या माणसाचे नातेवाईक अँजिओप्लास्टीसाठी रात्रीत पैसे गोळा करत फिरतात, त्यांच्यासाठी या आकड्यांना काय अर्थ आहे ते वेगळे सांगायला नको. अमेरिकी कायद्याच्या भाषेत मात्र ही किंमतमर्यादा ‘बाजारात वाजवी प्रवेश नाकारणे’ ठरली.

जून 2018 मध्ये सुनावणी झाली, महिनोन्‌महिने वाटाघाटी चालल्या. 4 मार्च 2019 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी संसदेला सूचना दिली आणि भारतातली लोकसभा निवडणूक आटोपल्यावर 5 जूनपासून भारताची पात्रता संपली. त्या वेळी भारत या योजनेचा सर्वांत मोठा लाभार्थी होता. अमेरिकी आकडेवारीनुसार 2018 मध्ये सुमारे 6.3 अब्ज डॉलरचा भारतीय माल तिच्याखाली गेला होता. माफ होणारी जकात भारत सरकारच्या हिशेबाने वर्षाला सुमारे 19 कोटी डॉलरची. रक्कम देशाच्या मानाने लहान, म्हणून सरकारने तिचा फार बाऊ केला नाही. पण ती सगळ्यांवर सारखी पडली नाही. रसायने, यंत्रांचे भाग, चामड्याच्या वस्तू, हातकाम असे उद्योग दोन-तीन टक्क्यांच्या फायद्यावर चालतात आणि त्यांच्या बिलात तीन ते पाच टक्के जकात नव्याने आली, तर ऑर्डर दुसऱ्या देशाकडे जाते. या उद्योजकांचा ना दुधाच्या दाखल्याशी संबंध होता, ना स्टेंटच्या किमतीशी.

बांगलादेशाची हकीकत दुसऱ्या टोकाची. तिथल्या कामगारांच्या हक्कांबाबत अमेरिकेतल्या एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने 2007 मध्ये अर्ज केला. तो सहा वर्षे उघडा राहिला. नोव्हेंबर 2012 मध्ये ताझरीन या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून शंभराहून अधिक माणसे गेली. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि 1,100 हून अधिक कामगार मेले. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले होते, तरी शिलाई कामगारांना सकाळी कामावर बोलावले गेले. मरणाऱ्यांत बहुतेक बाया होत्या. जूनच्या अखेरीस अमेरिकेने बांगलादेशाची सवलत स्थगित केली.

कारण न्याय्य होते, पण अमेरिकेच्या योजनेत तयार कपडे मुळात बसतच नाहीत. देशी कापड उद्योगाच्या रक्षणासाठी ते सुरुवातीपासून वगळलेले आहेत. त्यामुळे बांगलादेशाच्या अमेरिकेला होणाऱ्या निर्यातीपैकी एक टक्काही माल या सवलतीखाली जात नव्हता. स्थगितीचा घाव बसला तो तंबाखू, चिनी मातीची भांडी आणि खेळाचे साहित्य बनवणाऱ्यांवर. कपड्यांचे कारखाने तसेच चालू राहिले. तरीही हा निर्णय वाया गेला असे म्हणता येत नाही. त्याच सुमारास बांगलादेशाने कामगार कायद्यात दुरुस्ती केली, इमारतींची तपासणी सुरू झाली. याचे मोठे कारण युरोप होते. बांगलादेशाचे कपडे तिथे शस्त्रे सोडून सर्व मालाला मुक्तद्वार देणाऱ्या 2001 च्या योजनेखाली जात आणि ते दार बंद होण्याची भीती खरी होती.

युरोपने 2020 मध्ये कंबोडियाच्या बाबतीत थोडी सावध वाट धरली. विरोधी पक्ष विसर्जित केल्याबद्दल आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाबद्दल संपूर्ण सवलत न काढता सुमारे पाचव्या हिश्श्याच्या निर्यातीवरची काढली. काही कपडे, प्रवासी बॅगा आणि साखर त्यात आली. शिक्षा मापून दिली, तर सगळे कारखाने एकदम ओस पडत नाहीत.

अटी घालणे मुळात कायदेशीर आहे का, हा प्रश्न भारतानेच जागतिक व्यापार संघटनेत नेला होता. अमली पदार्थांशी लढणाऱ्या बारा देशांना युरोप जास्तीची सवलत देत असे आणि 2002 पासून त्यात पाकिस्तान आला होता. पाकिस्तानी कापडाला मिळणारी माफी भारतीय कापडाला नव्हती. एप्रिल 2004 मध्ये अपील मंडळाने निकाल दिला. सर्व विकसनशील देशांना अगदी एकसारखे वागवले पाहिजे असे नाही, पण सारख्या गरजांच्या देशांना सारखी संधी हवी आणि निकष आधी जाहीर झालेले, वस्तुनिष्ठ हवेत. बारा नावांची बंद यादी या कसोटीला उतरली नाही. त्यानंतर युरोपने जीएसपी-प्लस ही योजना आणली. मानवी हक्क, कामगार, पर्यावरण आणि सुशासन यांवरचे 27 आंतरराष्ट्रीय करार मान्य करून पाळणाऱ्या गरजू देशाला तीत येता येते. श्रीलंकेने यांतल्या मानवी हक्कांच्या करारांबाबतच्या कमतरतेमुळे 2010 मध्ये हा दर्जा गमावला आणि 2017 मध्ये परत मिळवला. काय सुधारायचे ते लिहून ठेवलेले होते, म्हणून परतीचा रस्ता उरला.

रवांडाला असा रस्ता दिसला नाही. स्वतःचा कापड उद्योग उभा करायचा म्हणून त्याने जुन्या कपड्यांवरची जकात किलोला वीस सेंटवरून अडीच डॉलरवर नेली. जुने कपडे पाठवणाऱ्या अमेरिकी व्यापाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली आणि अमेरिकेच्या आफ्रिकेसाठीच्या वेगळ्या योजनेतली रवांडाच्या कपड्यांची सवलत जुलै 2018 मध्ये थांबली. ज्या उद्योगीकरणासाठी प्रेबिश यांनी सवलत मागितली होती, त्याच उद्योगीकरणाचा प्रयत्न इथे सवलत जाण्याचे कारण ठरला.

भारत स्वतःही 2008 पासून अल्पविकसित देशांच्या मालाला जकातीत सूट देतो. अल्पविकसित असणे हीच तिथली मुख्य अट.

अमेरिकेच्या मूळ योजनेची मुदत 31 डिसेंबर 2020 रोजी संपली आणि संसदेने ती वाढवली नाही. तेव्हापासून आयातदार पूर्ण जकात भरतात. तरीही त्यांना क्रमांकाआधी ‘ए’ लिहीत राहायला सांगितले गेले, कारण यापूर्वी 2015 आणि 2018 मध्ये संसदेने उशिरा का होईना, मागील तारखेपासून योजना सुरू केली होती आणि भरलेली जकात परत मिळाली होती. भारतातून गेलेल्या मालाला ही सोयही लागू नाही. योजना उद्या पुन्हा सुरू झाली, तरी भारताला आधी नव्याने पात्र ठरावे लागेल.