धोंड्यांच्या रिंगणातली माणसं



आपल्या साकोली तालुक्यातलं एकोडी घ्या नाहीतर दुसरं कुठलं गाव, मसणवटा कुठे आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो कधीपासून तिथे आहे, हे विचारलं की म्हातारेसुद्धा गप्प होतात. पण विदर्भातल्या काही दफनभूमींचं वय आज सांगता येतं. ते अडीच-तीन हजार वर्षं भरतं.

नागपूरजवळ, काटोल रस्त्याकडच्या जुनापाणीला अशी सुमारे 300 शिलावर्तुळं आहेत. मोठाले धोंडे गोल मांडलेले, आत माती-मुरमाचा भराव, त्याखाली अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी. जुने लोक म्हणत, हे गवळ्यांचे तळ. ते तळ नव्हते. पण ती माणसं ढोरं राखणारी असावीत असं अभ्यासकही मानतात, म्हणजे लोकांचा अंदाज अगदीच वाया गेला नाही.

टाकळघाटच्या वर्तुळांनी तर एक जीवही घेतला. ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप 4 सप्टेंबर 1863 रोजी तिथलं खोदकाम पाहून अंधारात घोड्यावरून परतत होते. बोरीजवळच्या नाल्याला पूर होता. त्यात ते बुडाले. आदिवासींवरचे त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापले.

पुढे 1970 ते 72 मध्ये नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी माहुरझरी खणली. तिथे माणसांबरोबर घोडेही पुरलेले निघाले, तोंडावर तांब्याचे दागिने चढवलेले! घोड्याला एवढा मान देणाऱ्यांनी स्वतःची घरं मात्र कुडा-मातीची बांधली असावीत, कारण त्यांच्या वस्त्यांच्या खुणा थडग्यांच्या मानाने फार थोड्या सापडतात.

भंडारा जिल्ह्यातही पिंपळगाव आणि तिलोता खैरीला या परंपरेतल्या पाषाणरचनांची नोंद आहे. मला काळजी वाटते ती नोंद नसलेल्या जागांची. गोल मांडलेले धोंडे म्हणजे पायाला आयते दगड, आणि आतला भराव म्हणजे रस्त्याला आयता मुरूम. ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्यांत सगळं संपतं. म्हणून धुऱ्याजवळ असं रिंगण दिसलं, नांगराला काळं-तांबडं खापर लागलं, तर ते उचलू नका. तलाठ्याला सांगा, पुरातत्त्व विभागाला कळवा. खापर जागेवर असेल तरच ते कुणाच्या उशाशी ठेवलं होतं, हे कळतं.