स्पर्शनेंद्रिय, संयम आणि स्वमग्न बालक
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण, नाशिक)



जैन दर्शनाने पाच इंद्रियांच्या गणनेत पहिले स्थान स्पर्शनेंद्रियाला दिले आहे. एकेंद्रियापासून मनुष्यापर्यंत सर्व संसारी जीवांना लाभलेले असे हे एकच इंद्रिय. त्याचे आठ विषय पाठशाळेतील मुलेही सांगतात : हलका-जड, मऊ-कठीण, थंड-उष्ण, स्निग्ध-रूक्ष. यांपैकी एखादा स्पर्श इतरांना जाणवतही नाही, तोच एखाद्या बालकाला असह्य होतो. आणि दुसरा एखादा पुन्हा पुन्हा घेतल्यावाचून त्याला चैन पडत नाही. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असलेल्या अनेक बालकांचा हा नित्याचा अनुभव आहे.

असे बालक मंदिरात येते आणि अक्षतांच्या ताटात बोटे फिरवीत बसते. संगमरवरी खांबाला गाल लावते, शेजारच्या श्राविकेच्या साडीचा काठ चाचपते, बोटे डोळ्यांपुढे हलवीत राहते. घंटा वाजली की कान झाकून ओरडते. मग माना वळतात, कुजबुज होते आणि ती माता हळूहळू मंदिरात येणेच सोडून देते. मूल एकटे पडते, आणि त्याच्यासोबत सारे घर.

डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा बालकांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या अवस्थेचा रीतसर अभ्यास सुरू झाला. आईच्या मायेत उणीव राहिल्याने असे होते, हा पुढे काही काळ प्रचलित असलेला समज खोटा ठरला. मेंदूची जडणघडणच जन्मतः निराळी असते. स्पर्श, आवाज, प्रकाश यांची जाणीव अतितीव्र किंवा अतिमंद असणे, हे तर २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत स्वमग्नतेच्या लक्षणांमध्ये नोंदवले गेले.

सामान्य माणसाचा मेंदू नको त्या संवेदना आपोआप बाजूला सारतो. सदऱ्याच्या कॉलरची पट्टी मानेला लागते आहे, हे आपण क्षणात विसरतो. स्वमग्न बालकाला ती दिवसभर टोचत राहू शकते. उलट, ज्याला स्पर्श मंद जाणवतो, ते बालक आपल्या शरीराची खूण पटावी म्हणून दाबते, घासते, चावते, चाचपते. एकाच बालकात दोन्ही प्रकार आढळतात. हळुवार कुरवाळणे त्याला सोसत नाही. पण घट्ट दाब मिळाला की अनेकदा ते शांत होते. गोंगाटात, गर्दीत मन सावरण्यासाठी ते ओळखीच्या स्पर्शाकडे पुन्हा पुन्हा वळते.

अमेरिकेतील पशुविज्ञानतज्ज्ञ डॉ. टेंपल ग्रँडिन स्वतः स्वमग्न आहेत. बालपणी कोणी मिठी मारली की त्या अंग आक्रसून घेत. मात्र वाळू बोटांतून ओघळताना पाहण्यात तासन्‌तास रमत. पुढे गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून स्थिर धरणारा सापळा पाहून त्यांनी स्वतःसाठी तसे यंत्र बनवले, आणि त्या दाबाने त्यांची अस्वस्थता निवत असे. अक्षतांत रमणारे आपले बालक आणि वाळूत रमणारी ती मुलगी यांत फारसे अंतर नाही.

येथे कोणी विचारील : इंद्रियनिग्रह शिकवणाऱ्या समाजाने या सवयींना मोकळीक द्यावी काय? उत्तर संयमाच्या अर्थातच आहे. संयम स्वेच्छेने, समजून स्वीकारला जातो. दुसऱ्याचा हात बळाने दाबून धरणे हा संयम नव्हे. त्या बालकाला तर ती पीडाच होय. शिवाय बालकाची ही हालचाल विषयासक्ती नसून बहुधा स्वतःला सावरण्याची धडपड असते. ती दिवसभर दाबून ठेवण्याने आपण किती थकून जातो, हे अनेक स्वमग्न प्रौढांनी लिहून ठेवले आहे.

म्हणून कसोटी एकच असावी : यातून कोणाला इजा होते काय? होत नसेल तर ती सवय राहू द्यावी. बालक हात चावत असेल, डोके आपटत असेल, तापल्या भांड्याला हात लावीत असेल, तर अवश्य थांबवावे. पण त्याच जातीचा निर्धोक स्पर्श हाती द्यावा. कणीक मळण्यास द्यावी, जड गोधडी पांघरण्यास द्यावी, खिशात मऊ कापडाची पट्टी ठेवावी. अशी सवय एकाएकी वाढली, तर दात, कान वा पोट दुखत नाही ना, हे आधी तपासावे, कारण पुष्कळ बालकांना ते सांगता येत नाही. परक्या व्यक्तीला न विचारता स्पर्श करू नये, हा नियम मात्र लहानपणापासूनच शांतपणे शिकवावा. पाच वर्षांच्या मुलाचे जे कौतुक होते, तेच पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या अंगाशी येते.

आणखी एक बोल या मातांच्या कानी वारंवार पडतो : ‘पूर्वकर्म!’ कर्मसिद्धांत स्वतःच्या आत्मपरीक्षणासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखावर शिक्का मारण्यासाठी नव्हे. सम्यक्त्वाच्या लक्षणांत अनुकंपा सांगितली आहे, तिची परीक्षा अशाच प्रसंगी होते.

नाशिक नगरीला या कार्याची परंपरा आहे. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली येथे प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू करून बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या शिक्षणाची वाट घालून दिली. कायदाही पाठीशी आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांतही ती आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. शंका आल्यास बालविकासतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांचा सल्ला विनाविलंब घ्यावा. लपवण्यात अमोल वर्षे वाया जातात.

संस्थेलाही पुष्कळ करता येईल. पर्युषणात गर्दीपूर्वीची शांत वेळ या कुटुंबांसाठी राखावी. प्रवचन मंडपात ध्वनिक्षेपकापासून दूर, दाराजवळ एक कोपरा असावा. पाठशाळेच्या शिक्षकांना याची माहिती द्यावी. अक्षतांचे एक लहान ताट वेगळे ठेवावे. खर्च नगण्य आहे. पण त्यामुळे घरी बसलेली एखादी माता पुन्हा दर्शनाला येईल, आणि तिच्या बाळाचा हात धरून कोणी त्याला बाजूला ओढणार नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षाचा हा संकल्प ठरो, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र!