उतारूस कळेल अशी खूण



ज्यानें सारें आयुष्य मुलांकडून अक्षरें गिरवून घेण्यांत घालविलें, त्या शिक्षकानें अक्षरांवाचून चालणाऱ्या सोयींची तरफदारी करावी, हें कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु अक्षरओळख होईपर्यंत कोणाचाही प्रवास थांबत नाहीं.

मेक्सिको शहरांतील भुयारी रेल्वे ४ सप्टेंबर १९६९ रोजीं सुरू झाली, तेव्हां तेथील पुष्कळ उतारूंना वाचतां येत नव्हतें. म्हणून लान्स वायमन हे अमेरिकन कलावंत व त्यांचे सहकारी यांनीं प्रत्येक स्थानकास नांवाच्या जोडीला एक चित्र दिलें. चापुल्तेपेक म्हणजे तेथील जुन्या नाहुआत्ल भाषेंत टोळांची टेकडी. म्हणून तेथें टोळ. पिनो सुआरेस येथें खोदकामांत प्राचीन वर्तुळाकार देवस्थान सांपडलें. तेंच त्या स्थानकाचें चिन्ह झालें. निरक्षर आजीबाईस ‘टोळापाशीं उतर’ एवढें सांगितलें म्हणजे पुरे! पुढें साक्षरता वाढली, तरी चित्रें राहिलीं. परदेशच्या पाहुण्यासही तींच उपयोगीं पडतात.

चित्र मात्र अंधाच्या कामाचें नव्हे. त्यासाठीं जपानांत सेइइची मियाके यांनीं उंचवट्यांच्या फरशा योजिल्या. १९६७ सालीं ओकायामा येथें अंधशाळेजवळ त्या प्रथम बसविण्यांत आल्या. लांबट उंचवटे म्हणजे ‘चला’, गोल उंचवटे म्हणजे ‘थांबा’, अशी ही पायांनीं वाचावयाची लिपी आज रूढ आहे. आपल्याकडेही अनेक फलाटांवर त्या पिवळ्या फरशा दिसतात; पण त्यांवर कोणी सामान रचलें, कीं ती लिपी पुसली गेलीच म्हणून समजा.

तिकीट-खिडक्या व तिकीट-यंत्रें अपंगांस वापरतां यावींत, असें आपल्या २०१६ च्या कायद्यानेंच सांगितलें आहे. तरीही यंत्राची कांच गुळगुळीत असली व तें बोलत नसलें, तर अंधाचें बोट तेथें काय वाचणार? आणि गाडीचा फलाट बदलल्याची सूचना केवळ ध्वनिक्षेपकावरून झाली, तर बहिऱ्यास ती कशी कळावी?

यास्तव प्रत्येक सूचना डोळ्यांस, कानांस व स्पर्शास, अशी तिहेरी दिली पाहिजे. आणि यंत्राशेजारीं माणसाची खिडकीही उघडी राहिली पाहिजे. वाट विचारली असतां सांगणारीं सज्जन माणसें आपल्याकडे उदंड आहेत. परंतु रोजच विचारावें लागणें, ही एक प्रकारची परावलंबी अवस्थाच होय. आपली गाडी कोणती व उतरावयाचें कोठें, हें ज्याचें त्यास कळावें, एवढा मान प्रत्येक उतारूस मिळालाच पाहिजे.