पाठीवर मटण, खिशात बजेट: सॅक निवडायची कशी?

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आलाय. तो म्हणतो, "दादा, अमेरिकेतले शिकारी जंगलातून मटण पाठीवर वाहून आणतात, त्यांच्या बॅगा यूट्यूबवर बघितल्या. किंमत बघून डोळेच पांढरे झाले. आपल्या बजेटमध्ये तसली कुठली बसेल?"

प्रश्न भारी आहे. पण आधी एक गोष्ट क्लिअर करू. शिकारीसाठी बॅग हवी असेल, तर माझं उत्तर एका शब्दात: नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडं शिकार बंद आहे. ससा असो, भेकर असो, रानडुक्कर असो. "मी मारलं नाही, नुसतं मटण आणलं" हेही चालत नाही, ते मांस जवळ बाळगणं हाच गुन्हा. गाडी जप्त होते ती वेगळीच. आपलं दाजीपूर एकेकाळी कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं राखीव जंगल होतं. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, आज आपण त्याला राधानगरी अभयारण्य म्हणतो. त्यामुळं "रानातलं मटण" म्हणून कोण काय देत असेल, तर हात जोडायचे आणि लांब राहायचं.

मग कोल्हापूरकराला मटण पाठीवर न्यायची वेळ येते कधी? अहो, दर पावसाळ्यात! शेतावर रस्सा करायचा बेत ठरतो. शेत असतं पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला. डांबरी रस्ता संपला की पुढं दोन-तीन किलोमीटर नुसता चिखल, गाडी जात नाही. बारा जण, चार किलो मटण, कांदा-मसाला-तांदूळ मिळून तीन किलो, पातेलं दोन-अडीच किलो, प्यायला पाच लिटर पाणी. बेरीज करा, साडेचौदा किलो झाले. आणि हे सगळं एका कॉलेजच्या दप्तरात कोंबून ग्रुपमधल्या सगळ्यात गरीब स्वभावाच्या पोराच्या पाठीवर देतात. दिवसभर लॅपटॉपसमोर वाकून बसणारी आपली पाठ, तिच्यावर हे ओझं. रस्सा एक दिवसाचा, पण कंबर धरली तर आठवडा जातो.

आता दुकानातली सगळ्यात मोठी गल्लत सांगतो. आपण बॅग लिटरवर घेतो. "चाळीसची दे, साठची दे." पण मटणाचा हिशेब वेगळा आहे. मांस साधारण पाण्याइतकंच जड, म्हणजे एका लिटरच्या जागेत जवळपास एक किलो. साठ लिटरची बॅग मटणानं भरली तर साठ किलो होईल, ती उचलणार कोण? चार किलो मटणाला जागा लागते चार-पाच लिटर. म्हणजे जागा हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे वजन शरीरात कुठून खाली उतरतंय याचा.

आपल्याकडं हे जुन्या लोकांना पक्कं माहीत होतं. डोक्यावर चुंबळ ठेवून घागर नेणारी आजी आठवा. वजन सरळ मणक्यातून खाली जातं, हातांना ताण नाही. मार्केट यार्डातला हमाल पोतं पाठीवर उंच घेतो आणि थोडा पुढं वाकतो, पोतं अंगापासून लांब लोंबू देत नाही. तत्त्व एकच: ओझं हाडांवर द्या, अंगाला चिकटून ठेवा.

त्या महागड्या बॅगाही हेच करतात. अलास्कात मूस नावाचं अवाढव्य हरीण असतं, एकाचं मांस दोनशे किलोच्या आसपास निघतं. ते खेपा करून आणावं लागतं. म्हणून त्या बॅगेत कडक फ्रेम असते, आणि फ्रेम आणि पिशवीच्या मधे मांस बांधायची जागा. ओझं थेट पाठीला लागून राहतं आणि जाड कंबरपट्टा ते कमरेच्या हाडांवर उतरवतो. आपल्याला पंधरा किलोसाठी एवढी तोफ नको. पण त्यातल्या दोन गोष्टी हव्यातच: फ्रेम आणि कंबरपट्टा.

समजा बजेट तीन हजारांचं आहे. दुकानात जाऊन काय तपासायचं?

पहिलं, कंबरपट्टा. नुसती नायलॉनची पट्टी असेल तर ती बॅग हलू नये एवढ्यापुरतीच. तिच्यावर वजन जात नाही. हाताच्या पंजाएवढा रुंद, आत फोम भरलेला पट्टा हवा. तो पोटावर नाही, कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांवर बसला पाहिजे.

दुसरं, फ्रेम. रिकामी बॅग जमिनीवर उभी करा आणि वरून दाबा. पोत्यासारखी खाली बसली तर फ्रेम नाही. आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा प्लास्टिकची कडक शीट असेल तर ती ताठ राहील.

तिसरं, पाठीची लांबी. मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाला जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेपनं मोजा. बॅग तुमच्या उंचीवर नाही, या मापावर बसते. सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते.

चौथं, शिलाई. खांद्याचा पट्टा बॅगेला जिथं जोडलाय तिथं दोरा पुन्हा पुन्हा मारून घट्ट केलेला दिसला पाहिजे. बॅग फाटते ती बहुतेक वेळा तिथंच.

आणि पैसे कशावर घालवायचे नाहीत? ढीगभर कप्प्यांवर. "वॉटरप्रूफ" या लेबलवर. कापड पाणी अडवतं, पण शिलाईतून पाणी आत येतंच. आपल्या पावसात आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घाला, काम झालं. नव्या बॅगेत हे चारही बसत नसेल, तर एखाद्या ट्रेकरची वापरलेली चांगली बॅग बघा. वर्षातून दोनदाच लागणार असेल तर ओळखीच्या ट्रेकिंग ग्रुपकडं भाड्यानं विचारा.

आता मटणाबद्दल. मटण थेट बॅगेत कधीच नाही. पिशवीत पिशवी, आणि मग क्लिपच्या झाकणाचा स्टीलचा डबा. कच्च्या मटणाचं पाणी कोथिंबिरीवर, काकडीवर गळलं तर अख्ख्या ग्रुपचं पोट बिघडेल. डब्याभोवती गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या लावा. पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या मधे जंतू झपाट्यानं वाढतात. त्यामुळं बर्फाशिवाय दोन तासांपेक्षा जास्त वेळ नको, कडक उन्हाळ्यात तर एकच तास. हळद-मीठ चोळलंय म्हणून टिकेल, या भरवशावर राहू नका. निघताना मटण सगळ्यात शेवटी घ्या, पोचल्यावर चूल सगळ्यात आधी पेटवा.

भरताना मटणाचा डबा आणि पाणी पाठीला चिकटून, साधारण खांद्याच्या पात्यांच्या उंचीला. तांदूळ-कांदा खाली. पातेलं बाहेर लोंबकळत नको, दर पावलाला ते तुम्हाला मागं खेचतं. ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ठेवा. साठ किलोचा माणूस असेल तर बारा किलो. म्हणजे आपले साढेचौदा किलो एकट्याचे नाहीतच, दोन बॅगा करा. मटण एकाकडं, पातेलं दुसऱ्याकडं, आणि अर्ध्या वाटेत अदलाबदल.

घेण्याआधी एक चाचणी. दुकानदाराला विचारून बॅगेत दहा किलो वजन घाला आणि दहा मिनिटं दुकानातच फिरा. कंबरपट्टा आवळल्यावर खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज जायला पाहिजे. जात असेल तर वजन कमरेवर आलंय. ऑनलाइन घेतली असेल तर टॅग न काढता घरातच हे करा, परत करायची मुदत संपायच्या आत. बॅग ठेवायची ठरली की पाण्याच्या बाटल्या भरून टेंबलाईच्या टेकडीवर एक चक्कर मारा. पट्टे कुठं सैल, कुठं घट्ट, ते चढावरच कळतं.

परत येताना बॅग हलकी असते, तेव्हा पत्रावळ्या, प्लास्टिक, बाटल्या सगळं त्याच बॅगेतून गावात आणा. शेत दुसऱ्याचं असतं, पुढच्या वर्षी परत बोलावलं पाहिजे ना! घरी आल्यावर साध्या साबणानं बॅग धुवा आणि उलटी करून सावलीत वाळवा.

तुमच्या ग्रुपमध्ये ओझं नेहमी कोण उचलतं, त्याला हा एपिसोड पाठवा. त्याहून बरं म्हणजे जो कधीच उचलत नाही, त्याला पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!