मला भालदार केलं होतं

(औरंगपुऱ्यातल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



निवेदकांनी मला कवी म्हणून पुकारलं. खरं म्हणजे मी मुंबईच्या गोदीतला कंत्राटी कामगार. मॅट्रिक पास. काल पाळी संपवली आणि देवगिरीच्या जनरल डब्यात उभ्यानं आलो. विषय दिलाय ‘शाळेत नाटक’. यावर बोलायला मी लायक आहे, कारण तो मला कुणी शिकवलाच नाही.

मी याच शहरात शिकलो. शाळेचं नाव घेत नाही, तसल्या पुष्कळ आहेत. नववीत गॅदरिंगला ऐतिहासिक नाटक बसवायचं ठरलं. सरांनी एकेकाला उतारा वाचायला लावला. मी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालो. सर हसले, मग वर्ग हसला. ‘तुझे उच्चार अशुद्ध, तू भालदार हो.’ झालं. नाटकभर मी भाला धरून उभा. बाकं वाहायला मात्र पहिली निवड माझीच. माय मजुरी बुडवून बघायला आली होती. घरी गेल्यावर म्हणाली, ‘तू बोलला कव्हा रं?’

आज मी गोदीत क्रेनखाली उभा राहून ओरडतो. आरिया म्हटलं की माल खाली, हाबेस म्हटलं की वर. माझ्या आवाजावर टनांचं ओझं हलतं. आवाज चुकला तर खालचा माणूस चिरडतो. तिथं ‘न’ की ‘ण’ कुणी विचारत नाही. म्हणजे आवाज होता. शाळेला तो ऐकायचा नव्हता.

म्हणून मी म्हणतो, गॅदरिंग म्हणजे नाट्यशिक्षण नव्हे. गॅदरिंगमध्ये निवड होते, आणि निवड तयार जिभेची होते. गणित येत नाही म्हणून गणिताच्या तासाला कुणाला भालदार करतात का? विषय म्हटला की तो सगळ्यांना शिकवावा लागतो.

आणि नाटक काय त्यांच्या घरचं आहे? इथून बाहेर पडा, औरंगपुऱ्यातच जोतीराव उभे आहेत. त्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. जोशी एका अडाणी जोडप्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, विदूषक त्याचं पितळ उघडं पाडतो आणि शेवटी ते नवराबायको शाळेची वाट धरतात. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. छापून यायला १९७९ साल उजाडलं. सव्वाशे वर्षं आपलं नाटक भालदारासारखं मुकं उभं होतं!

नागसेनवनही इथून लांब नाही. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं ‘युगयात्रा’ १९५५ साली तिथं बाबासाहेबांसमोर झालं. १९५६ च्या ऑक्टोबरात दीक्षेच्या वेळी नागपूरला हजारोंपुढे झालं. त्याच्याही आधी भीमराव कर्डकांचे जलसे होतेच. अक्षरं न येणाऱ्या बायाबापड्यांना चळवळ कळली ती त्यातून.

आपल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. पण तिथं पोचायला आधी बारावी लागते, आणि वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत चारचौघांत तोंड न उघडलेला पोरगा तिथं पोचेल कसा? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की कला आणि इतर विषय यांच्यामध्ये भिंत नको. कागदावर भिंत पडली. वर्गात उभी आहे. दहावीला नाट्य-लोककलेचे वाढीव गुण आहेत, पण ते प्रमाणपत्र असणाऱ्याला. वस्तीतल्या पोराला ते प्रमाणपत्र कोण देणार?

आपली मागणी साधी आहे. आठवी ते दहावी आठवड्याला एक तास नाटकाचा हवा. प्रत्येकानं बोलायचं, प्रत्येकानं एक प्रवेश लिहायचा, पडदाही पाळीपाळीनं ओढायचा. घरची बोली चालली पाहिजे. प्रमाण भाषाही शिकू, पण ती शिकण्याआधी आमचं तोंड बंद करायचं नाही. आणि पुस्तकात ‘तृतीय रत्न’ पाहिजे, प्रेमानंद गज्वींचं ‘घोटभर पाणी’ पाहिजे, दत्ता भगत पाहिजेत.

तोवर सरकारची वाट बघत बसू नका. तुमच्यातले कितीतरी जण कॉलेजात आहेत. रविवारी विहारात दहा पोरं गोळा करा. पडदा नको, लाईट नको. एकानं रेशन दुकानदार व्हायचं, एकानं कार्डवाली म्हातारी. मग आलटून पालटून. एकच नियम पाळा : मुका भालदार कुणालाच करायचं नाही.

माझी माय अजून विचारते तेच. आज रात्री तिला सांगणार आहे, औरंगपुऱ्यात बोललो.

जयभीम.